हात लाव, काही बिघडत नाही

तुला लिनक्स जमेल का, याची मला काळजी नाही. काळजी आहे ती घरातल्या त्या एका वाक्याची: "हात लावू नकोस, बिघडेल." आपल्याकडे, बारामतीत काय आणि इंदापुरात काय, कम्प्युटर घरात येतो तो बहुतेक भावाच्या नावानं. बहिणीला तो मिळतो फॉर्म भरण्यापुरता, प्रोजेक्ट टाइप करण्यापुरता, तेही कुणीतरी मागं उभं असताना. मग वर्गात पहिली येणारी पोरगीसुद्धा पडद्यावर एखादी अनोळखी चौकट आली की माउसवरचा हात काढून घेते आणि कुणाला विचारावं म्हणून आजूबाजूला बघते. ही भीती अभ्यास करून जात नाही. मनासारखी उघडझाप करून बघायला मिळाली, तरच जाते.

म्हणून तुला लिनक्स दाखवायचंय. त्याच्यात एक फार मोलाची सोय आहे. लॅपटॉपमधलं काहीही न हलवता तू ते पेनड्राइव्हवरून चालवून बघू शकतेस. पेनड्राइव्ह लावायचा, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, हवं ते बघायचं, बंद करायचं, पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. पुन्हा सुरू केलास की दादाचं विंडोज जागच्या जागी.

आता हे लिनक्स आहे तरी काय, ते थोडक्यात. माउस, कीबोर्ड, पडदा, फाइली या सगळ्यांना कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था असते ती ऑपरेटिंग सिस्टीम. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. कुणीही वापरावी, आतून उघडून बघावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी अशी सिस्टीम त्यांना उभी करायची होती. तिचे बरेच भाग तयार झाले, पण गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो रखडला. मग २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या पोरानं आपण हौस म्हणून एक सिस्टीम करतोय असं जाहीर केलं. त्याचा कर्नल तोच लिनक्स. पुढं जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली आणि अजून घालताहेत. तुझ्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सच आहे. जगातल्या सगळ्यांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकही यंत्र दुसऱ्या कुठल्या सिस्टीमवर नाही. म्हणजे तू ते रोज वापरतेसच, फक्त ओळख करून घ्यायची राहिलीय.

घरच्या बियाण्याचं उदाहरण तुला लगेच पटेल. शाळूची चांगली टपोरी कणसं वेगळी काढायची, राखेत घालून ठेवायची, पुढल्या वर्षी पेरायची, शेजारणीनं मागितलं तर ओंजळभर द्यायची. याला कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. पिशवीतल्या संकरित बियाण्याचं तसं नसतं, दर हंगामाला दुकानाची पायरी चढावी लागते. पिशवीतलं वाईट असं मी म्हणणार नाही, कित्येकांची घरं त्याच्यावर उभी राहिलीत. पण अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, ती काय उगाच? ज्याच्या हातात बियाणं, त्याच्या हातात पुढचा हंगाम. लिनक्स हे घरचं बियाणं आहे. तू ते घेऊ शकतेस, वाटू शकतेस, आणि शिकलीस तर सुधारूही शकतेस.

आता दादाच्या लॅपटॉपकडं येऊ. त्यावर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार थांबवला. वेगळी नोंदणी केली तर सुरक्षेची दुरुस्ती आणखी एक वर्ष मिळते, नाहीतर नवी भोकं बुजवायला कुणी येत नाही. विंडोज ११ वर जायचं म्हटलं तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१५-१६ च्या सुमाराचे लॅपटॉप तिथंच अडतात. यंत्र चांगलं, कीबोर्ड चांगला, पडदा चांगला, पण म्हणे आता भंगारात टाका. हे मला मनापासून पटत नाही. ऊस तुटून कारखान्याचं बिल यायची वाट बघत वडिलांनी घेतलेली वस्तू अशी कोपऱ्यात का टाकायची?

अशा वेळी कुणीतरी सांगतं, "आण इकडं, क्रॅक मारून देतो." थोड्या पैशांत काम होतं, पण तसलं करू नकोस. फुकट चालू करून देणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅमच्या आत दुसरं काय भरलंय ते तुला कळत नाही, आणि त्याच लॅपटॉपवरून तू बँकेचं पान उघडतेस, आधार नंबर भरतेस, ओटीपी टाकतेस. फुकटच हवंय तर सरळ मार्गानं फुकट मिळणारं आहे, ते घे.

लिनक्सची रूपं भरपूर. यांना डिस्ट्रो म्हणतात. कर्नल तोच, वरचा साज वेगळा. तू सुरुवात लिनक्स मिंटनं कर. २००६ पासूनचं आहे, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडं घड्याळ, त्यामुळं विंडोजवर बसलेला हात गोंधळत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेची दुरुस्ती मिळत राहणार आहे. कमीत कमी २ जीबी रॅम सांगतात, पण ४ जीबी असेल तरच सुखानं चालतं. रॅम कमी असेल तर त्याचंच एक्सएफसीई नावाचं हलकं रूप घे. उबंटूही चांगलं, २००४ पासून चालत आलेलं. पूर्वी उबंटूमागची कंपनी त्याच्या सीडी जगभर पोस्टानं फुकट पाठवायची, २०११ मध्ये ते बंद झालं. आपल्या देशाचं म्हणशील तर सी-डॅकनं चेन्नईत तयार केलेलं बॉस आहे, डेबियनवर बेतलेलं, २००७ पासूनचं. ते नंतर जरूर बघ. पण व्हिडिओत हुडी घातलेला मुलगा काळ्या पडद्यावर कालीचं हिरवं अक्षर दाखवतो ना, त्याच्या नादी लागू नकोस. काली हे सुरक्षेची तपासणी करणाऱ्या जाणकारांसाठी आहे आणि तयार करणारेच सांगतात की ते नवख्यांसाठी नाही.

खरी अडचण येते ती फाइल उतरवताना. मिंटची फाइल ३ जीबीच्या आसपास, उबंटूची जवळजवळ दुप्पट, आणि तुझा मोबाइलचा पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचा. निमगाव केतकीत पानमळ्याच्या कडेला उभं राहून रेंज शोधत हे काम व्हायचं नाही. इंदापूरला कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारून उतरवून घे, नाहीतर बारामतीला येशील तेव्हा माझ्या वायफायवर उतरव. टोरेंटनं उतरवलंस तर मध्येच नेट गेलं तरी पुढून सुरू होतं. टोरेंट म्हटलं की चोरीचा सिनेमा असं लोकांना वाटतं, पण मिंटवाले स्वतःच ती सोय देतात, त्यात गैर काही नाही. मात्र फाइल मिंटच्या मूळ साइटवरूनच घे. सोबत दिलेला लांबलचक आकडा, ज्याला चेकसम म्हणतात, तो जुळवून बघ. नेट तुटून फाइल अर्धवट आली असेल तर तिथंच कळतं. हे जुळवणं कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नकोस.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला उचलू नकोस. विंडोजवर रूफस नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो उघडायचा, फाइल दाखवायची, पेनड्राइव्ह निवडायचा, सुरू करायचं. नुसती फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकली तर त्यावरून लॅपटॉप सुरू होत नाही.

आता नीट ऐक, कारण भीती इथं वाटते. लॅपटॉप पूर्ण बंद कर. पेनड्राइव्ह लाव. चालू करताक्षणी बूट मेनूची कळ पुन्हा पुन्हा दाब. डेल आणि लेनोवोत ती बहुधा एफ१२ असते, एचपीत एस्केप किंवा एफ९. यादी येते, त्यातून पेनड्राइव्ह निवडायचा. एवढंच. यादी आली नाही आणि विंडोजच सुरू झालं तर काही बिनसलं असं समजू नकोस, कळ दाबायला उशीर झाला इतकंच. पण आधी एक बघून ठेव. काही लॅपटॉपात विंडोजनं डिस्कला बिटलॉकरचं कुलूप लावलेलं असतं. सुरू होण्याच्या सेटिंगमध्ये काही बदललं तर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती दादाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. काहीही करण्याआधी ती वहीत उतरवून ठेव. की हाताशी असली म्हणजे तो पडदा आला तरी आकडे टाकायचे आणि पुढं जायचं.

थोड्या वेळानं मिंटचा डेस्कटॉप दिसेल. यालाच लाइव्ह म्हणतात. हे सगळं पेनड्राइव्ह आणि रॅमवर चाललेलं असतं. तू वॉलपेपर बदल, अक्षरं मोठी कर, पट्टी खालून वर ने, फायरफॉक्स उघडून सातबारा बघ, खेळ खेळ. चुकून सगळी पट्टीच उडवलीस तरी बंद करून चालू केलंस की पुन्हा कोरं करकरीत. मध्येच लाइट गेली आणि बॅटरी मेलेली असली तरी लाइव्हमध्ये नुकसान नाही. असं निर्धास्त खेळायला आपल्याला दुसरीकडं कुठं मिळतं, सांग बरं?

तरी दोन गोष्टी ध्यानात ठेव. लाइव्हमध्ये असताना लॅपटॉपची आतली डिस्कही डाव्या बाजूला दिसते. तिच्यात शिरून फाइल पुसलीस तर ती खरोखर पुसली जाईल. म्हणून तिकडं जायचंच नाही. आणि तू लाइव्हमध्ये जे लिहून ठेवशील ते बंद करताना जाईल, तेव्हा काही जपायचं असेल तर मेल करून ठेव.

आणखी एक गंमत होते, ती आधीच सांगते, नाहीतर घरात बोंब होईल. लिनक्सवरून परत विंडोजमध्ये आलीस की कधीकधी घड्याळ साडेपाच तास मागं दिसतं. दुपारचे तीन वाजलेले असतात आणि लॅपटॉप सकाळचे साडेनऊ दाखवतो. दादा म्हणणार, "बघ, बिघडवलास ना!" बिघडलेलं काही नसतं. यंत्रातल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं, म्हणून बरोबर तेवढाच फरक. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन सिंक करायचं, झालं. हे तू दादाला समजावून सांगितलंस ना, की पुढच्या वेळी तो तुलाच विचारायला येईल.

लाइव्हमध्ये खेळून झालं की कामाचं बघ. वायफाय दिसतं का? काही जुन्या लॅपटॉपांतल्या वायफायच्या चिप लिनक्सला लगेच ओळखू येत नाहीत. तसं झालं तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू कर, बहुतेक वेळा नेट लगेच मिळतं, मग ड्रायव्हर उतरवता येतो. आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, पडद्याचा उजेड कमीजास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का, हे सगळं तपास. घरी प्रिंटर असेल तर तो लावून बघ. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज चालतात, पण आपल्याकडं झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवायला बराच खटाटोप लागतो. हे आधी कळलेलं बरं.

मराठी टायपिंगकडं मात्र मी तुला जास्त वेळ द्यायला सांगेन. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडता येतं. इनस्क्रिप्ट आहे, आणि उच्चारावरून लिहायचं फोनेटिकही आहे. तू इनस्क्रिप्ट शीक. सुरुवातीला हात अडखळतो, पण स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला ही त्याची मांडणी एकदा बोटांत बसली की ती विंडोजवरही तीच आणि लिनक्सवरही तीच. वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या नीट लिहून बघ, तो अर्धा र बरोबर उमटला की समजायचं गाडी रुळावर आहे. लिनक्सवर मराठी इतकं सहज दिसतं, त्यामागं आपल्या पुण्यातल्या लोकांचे कष्ट आहेत. रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीतल्या मंडळींनी लोहित या मोफत फॉन्टवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात याचीही दखल घेतली. आपलं अक्षर आपल्यासारखं दिसावं म्हणून कुणीतरी इतकं झटलंय, हे मला फार मोठं वाटतं.

पण अडचणी लपवून तुला भरीला घालायचं नाही मला. काही कामं विंडोजवरच राहू देत. एमएस-सीआयटीची तयारी विंडोज आणि एमएस ऑफिसवर करावी लागते, परीक्षा त्याच्यावरच असते. सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर क्लासमध्ये जी मांडणी आणि जो प्रोग्रॅम आहे त्याच्यावरच सराव कर. टॅली सरळ लिनक्सवर चालत नाही, आणि आपल्या भागात आडत, दूध संकलन, खतं-औषधांची दुकानं सगळीकडं हिशेब टॅलीत, म्हणजे नोकरीला टॅली लागणारच. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत केलेल्या पत्रिका नि अहवाल लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडलेस तर अगम्य चिन्हं दिसतील. तुझ्या मैत्रिणीच्या घरी सेवा केंद्र आहे ना, तिथल्या कम्प्युटरवर तर प्रयोग करायचाच नाही. बोटाचे ठसे घेणारी यंत्रं विंडोजवर बसवलेली असतात, आणि रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीची पेन्शन आपल्या हौसेपायी अडायला नको.

राहिलेलं सगळं तू लिनक्सवर करू शकतेस. महाडीबीटीचा अर्ज, कॉलेजचं पोर्टल, मेल, व्हिडिओ, पीडीएफ हे ब्राउझरमध्ये तसंच चालतं. लिहायला लिब्रेऑफिस सोबतच येतं, २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालेलं. वर्डची फाइल त्यात उघडते, पण तक्ते आणि समास कधीकधी हलतात. म्हणून सरांना पाठवताना पीडीएफ करून पाठव.

लाइव्हवर महिनाभर तरी रमून जा. मग वाटलं तर लॅपटॉपमध्ये बसवू. इथं मात्र "काही बिघडत नाही" हे मी म्हणणार नाही. बसवताना एक चुकीचा पर्याय निवडला तर डिस्क पुसली जाते, आणि दादाचे फोटो, बाबांची उसाची बिलं, सगळं जातं. त्यामुळं आधी कामाच्या सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घे, आणि नुसत्या घेऊन थांबू नकोस, दुसऱ्या कम्प्युटरवर लावून त्यातल्या चार उघडून बघ. विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंटमधून ५० जीबी तरी जागा मोकळी कर. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद कर. बॅटरी पूर्ण भर, चार्जर लावलेला ठेव, आणि आभाळ भरून आलेल्या संध्याकाळी हे काम काढू नकोस. बसवताना विंडोजच्या शेजारी बसवायचा पर्याय निवड. "इरेज डिस्क" असं दिसलं की हात बाजूला. आणि मुख्य म्हणजे, दादाला विचारून कर. लॅपटॉप त्याचा आहे, आणि त्याला अंधारात ठेवून केलेली गोष्ट उद्या तुझ्यावरच उलटेल. त्याला लाइव्ह दाखव, खेळू दे थोडा. बहुतेक तोच म्हणेल बसव म्हणून.

जुना लॅपटॉप फारच रेंगाळत असेल तर नुसत्या लिनक्सनं जादू होणार नाही, हेही सांगून ठेवते. ब्राउझर स्वतःच रॅम खातो, मग सिस्टीम कुठलीही असो. फिरती हार्डडिस्क काढून २४०-२५६ जीबीची एसएसडी घातली तर खरा फरक पडतो. पैसे खर्च करायचेच असतील तर तिथं कर. आणि मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे, सिस्टीमची चालू स्थिती जपून ठेवणारं. पहिल्याच दिवशी ते चालू कर. मग पुढं काही उलटंपालटं झालं तर कालच्या स्थितीवर परत जाता येतं.

टर्मिनलची ती काळी खिडकी उघडायला लाजू नकोस. तिथं लिहून आज्ञा द्यायची असते. एल-एस लिहिलं की फाइलींची यादी, सी-डी लिहून फोल्डरचं नाव दिलं की त्या फोल्डरात, एम-के-डी-आय-आर लिहून नाव दिलं की त्या नावाचं नवं फोल्डर. एम-ए-एन लिहून पुढं कुठल्याही आज्ञेचं नाव दिलंस की तिची सगळी माहिती नेटशिवाय समोर येते. काही डिस्ट्रोंत पासवर्ड टाकताना पडद्यावर टिंबंसुद्धा दिसत नाहीत, तेव्हा कीबोर्ड बंद पडला असं वाटून घाबरू नकोस, टाइप कर आणि एंटर मार. आणि आज्ञेच्या सुरुवातीला सुडो असेल तर थांबून वाच. सुडो म्हणजे घराच्या कर्त्याचे सगळे अधिकार हातात घेणं. कुठून तरी उचललेली, अर्थ न कळलेली सुडोची ओळ कधीही चिकटवायची नाही.

शिकायला चांगली जागा म्हणजे मुंबई आयआयटीचं स्पोकन ट्युटोरियल. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प. दहा-बारा मिनिटांचे छोटे धडे, लिनक्सचे आहेत, लिब्रेऑफिसचे आहेत, आणि त्यातले कितीतरी मराठी आवाजात. एकदा उतरवून ठेवले की नेट लागत नाही. धडा अर्ध्या पडद्यावर, उरलेल्या अर्ध्यात आपला सराव, अशी त्यांची पद्धत आहे. बीसीएसला जाणाऱ्या मुलींना ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला लिनक्स असतंच. तुझ्या बसला त्यातली कुणी असेल तर तिची ओळख काढ, एकटीनं शिकण्यापेक्षा दोघींनी शिकलेलं टिकतं.

आणि "याचा उपयोग काय" असं घरी विचारतील, तर त्यांना शेतातलंच सांग. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवलाय, तो बाबांनाही माहीत असेल. मातीतला ओलावा, हवामान, उपग्रहाची चित्रं हे सगळं गोळा होऊन मायक्रोसॉफ्टच्या अझुर या दूरच्या यंत्रांकडं जातं आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो. त्या अझुरवर गिऱ्हाइकांचं निम्म्याहून जास्त काम लिनक्सवर चालतं, असं मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगितलंय. विंडोज तयार करणाऱ्या कंपनीच्या घरातही लिनक्स आहे. उद्या अशी यंत्रं सांभाळायची, दुरुस्त करायची, त्यावर नवं काही लिहायचं काम आपल्याच भागातल्या पोरींनी केलं तर मला किती आनंद होईल! पण त्यासाठी आधी हात चालायला हवा.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी तू हातभार लावू शकतेस, हे ऐकून मुली चकित होतात. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, गनोम यांचं मराठी भाषांतर कुणी पगारी माणूस बसून पुरं करत नाही, बरंचसं काम स्वयंसेवक करतात, आणि त्यात अजून कितीतरी वाक्यं इंग्रजीत पडून आहेत किंवा असं मराठी झालंय की वाचवत नाही. तुझं मराठी चांगलं आहे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आवाजही गोळा करतात, तिथं वाक्य वाचून दिलंस तरी चालतं. तिथं पुण्या-मुंबईचा आवाज पोचतोच, पण आपल्या नीरा-भीमेच्या काठची बोलण्याची ढब पोचायला कुणीतरी हवं.

येत्या रविवारी दादा घरी असताना लाइव्ह लाव. वही घेऊन बस आणि चार गोष्टी लिहून काढ: वायफाय, आवाज, मराठी टायपिंग, प्रिंटर. जे चालेल त्यापुढं खूण कर. वायफाय दिसलं नाही तर टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय लिहून एंटर मार आणि जी यादी येईल तिचा फोटो मला पाठव, चिपचं नाव त्यात असतं, त्यावरून पुढचं सांगता येईल. आणि बिटलॉकरची की आधी उतरवून घे, तिच्याशिवाय सुरुवात करू नकोस.